घुमटाखालची मैना

मिस्त्रींचा धंदा कानाचा होता असं म्हटलं तर कुणी हसेल, पण ते खोटं नाही. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. गच्चीवरच्या मशीनखोलीत शिरले की आधी भिंतीला कान लावायचे आणि मग पाना हातात घ्यायचे. दोर कुठे घासतोय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं त्यांना ऐकूनच कळायचं. आणि त्यांच्या बायकोचा धंदा आवाजाचा. ती रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. स्टेशनात हमालापासून साहेबापर्यंत सगळे तिला मैना म्हणायचे, आणि होता होता घरातही तेच नाव पडलं. गाडी उशिरा येणार हे ती अशा काही आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, चला, बरं झालं, जरा टेकायला मिळालं.

घरी तर तिच्या तोंडाला कुलूप नसायचंच. भाजी चिरता चिरता ती शेजारणीच्या सुनेवरून सुरू व्हायची आणि भाजी शिजेपर्यंत स्वतःच्या आजोळी पोचायची. "अगं, इथे प्लॅटफॉर्म नाही, जरा दम खा," असं मिस्त्री म्हणायचे, आणि ती दम न खाता पुढे बोलायची.

आदल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती गळ्याखालच्या एका लहानशा छिद्रातून श्वास घ्यायची आणि त्यावर पातळ रुमाल बांधायची. बोलायचं म्हणजे नुसते ओठ हलवायचे. मिस्त्री ते ओठ वाचायला शिकले. पण ओठांवरून माणूस वाचून वाचून वाचणार किती? पाणी. दिवा लावा. औषध घेतलं. झोपा आता. एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही, शेजारणीची सून नाही. भरलेल्या घरातून कुणीतरी एकेक सामान हलवत न्यावं, तसं त्यांचं घर रिकामं झालं होतं, आणि तक्रार करायची कुणाकडे? माणूस तर समोर बसलेलं, हसतं, जेवतं.

म्हणून एक दिवस मैनेने स्वतःहून ओठ हलवून एका शहराचं नाव घेतलं, तेव्हा मिस्त्री आनंदाने उठून उभेच राहिले. ते शहर दोघांचं लाडकं. लग्नानंतर पहिल्यांदा गेले ते तिथेच, आणि पुढेही चार पैसे साठले की पहिली फेरी तिकडे. सकाळच्या गाडीने जायचं, दिवसभर हिंडायचं, खायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

गाडीतून उतरल्या उतरल्या ते स्टेशनासमोरच्या बेकरीत गेले. तिथे एक अडचण होती. नाकातून श्वास जात नसल्यामुळे मैनेला वास येत नसे. ती काचेपाशी उभी राहून नुसतं पावाकडे बघत राहिली. मिस्त्रींनी नाक वर करून एक मोठा श्वास घेतला.

"सांगतो," ते म्हणाले. "वरचा वास करपट आहे, उन्हात तापलेल्या लाकडासारखा. त्याच्या खाली लोणी आहे. आणि अगदी तळाशी... तान्ह्या बाळाच्या टाळूचा येतो ना, तसा."

मैना हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलायचे आणि गळ्याजवळचा रुमाल फडफडायचा. बेकरीवाल्या बाईने त्यांना दोन गरम पाव जास्तीचे दिले.

मग पूल. मग नदीकाठचा फुलबाजार, तिथून पुढे पायऱ्यापायऱ्यांची ती चढण. वर पोचल्यावर सगळं शहर ताटात वाढल्यासारखं समोर येतं. आकाश ढगाळ होतं, पण उजेड स्वच्छ होता. मैनेच्या गालांवर वर्षभराने रंग आला होता. दुपारी दोघं नदीवरच्या त्यांच्या नेहमीच्या खाणावळीत बसली. मिस्त्रींनी तळलेला मासा मागवला, भाजलेले बटाटे मागवले, शेवटी मधात शिजवलेली नासपती मागवली. "कसा आहे मासा?" त्यांनी विचारलं. मैनेने बोटांनी छान अशी खूण केली. मिस्त्रींना समाधान वाटलं. तरी ती जेवताना नदीकडे बघत असे तेव्हा तिच्या डोळ्यांमागे काहीतरी चाललेलं असे, आणि ते काय हे त्यांना कळत नसे. पूर्वी विचारावं लागत नसे. आता विचारूनही उपयोग नसे.

जेवण झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता बागेत बसू, मग कॉफी."

मैनेने नाही अशी मान हलवली. बोटाने हवेत एक गोल काढला.

मिस्त्री समजले. ती घुमटाबद्दल बोलत होती. शहराच्या मध्यभागी धान्याच्या व्यापाऱ्यांचं जुनं सभागृह आहे. आता तिथे व्यापार चालत नाही, लोक बघायला येतात. आत प्रचंड गोल दालन, वर पांढरा घुमट, आणि घुमटाच्या खाली भिंतीला लागून आतून फिरणारा एक सज्जा. त्या भिंतीची गंमत अशी की एका टोकाला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, तर थेट समोरच्या टोकाला कान लावून बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक खेपेला तिथे जाऊन भिंतीतून एकमेकांशी काहीबाही बोलायचं, हा त्यांचा ठरलेला चाळा. या वेळी मिस्त्री मुद्दाम तो रस्ता टाळत होते. जिला आवाजच नाही तिला तिथे न्यायचं म्हणजे लंगड्याला शर्यत दाखवायला नेण्यासारखं.

"राहू दे ना आज," ते म्हणाले.

मैनेने त्यांची बाही धरली आणि ती चालू लागली.

सभागृहाच्या दारात एक राखणदारीण स्टुलावर बसून लोकर विणत होती. "वर कुणी नाही, काका. निवांत बसा," ती म्हणाली. "बंद करायच्या आधी घंटा वाजवते. घंटा झाली की मात्र लगेच उतरा हं."

वर्तुळाकार जिना चढून ते सज्ज्यात आले. तिथे थंड चुन्याचा आणि जुन्या धुळीचा वास होता. खाली दालनाची फरशी विहिरीच्या तळासारखी दिसत होती. घुमटाच्या खिडक्यांतून दुपारचा राखाडी उजेड उतरत होता, आणि सगळ्या जागेत एक बारीक, न थांबणारा नाद भरलेला होता. मिस्त्रींना हा नाद ओळखीचा होता. रिकाम्या लिफ्टच्या बोगद्यातही तो असतो. हवा स्वतःशीच घोळत असते, बाकी काही नाही.

मैना सज्ज्यावरून चालत चालत समोरच्या टोकाला गेली. मधल्या पोकळीपलीकडे ती मुलीएवढी लहान दिसत होती. तिने हात केला, पाठ वळवली आणि भिंतीजवळ तोंड नेलं. तिचा हिरवा रुमाल तेवढा मिस्त्रींना दिसत होता. ओठ दिसत नव्हते.

आता ती तिथे आवाजाशिवाय बोलत असेल, मिस्त्रींच्या मनात आलं, आणि त्यांना रडू फुटायला आलं. तिचा मान राखायचा म्हणून ते बाकावर बसले, वळले, आणि भिंतीला कान लावला.

आधी तो नाद. मग कुठेतरी कबुतराचे पंख. मग...

"अहो."

मिस्त्री हलले नाहीत.

"अहो, आलं का ऐकू?"

तो मैनेचा आवाज होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. तोच गोडवा, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारी तीच लकब. मिस्त्रींच्या अंगावर सरसरून काटा आला आणि डोळे आपोआप भरले. मोठ्या देवळात किंवा समुद्रासमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. पळावंसं मात्र वाटेना.

"कोण... कोण बोलतंय?" ते भिंतीशी पुटपुटले.

"आता काय सांगावं! माझ्याशिवाय तुमच्याशी एवढं बोलणार कोण आहे?"

मिस्त्रींनी मान वळवून पोकळीपलीकडे पाहिलं. मैना तशीच पाठमोरी, भिंतीला लागून उभी. त्यांनी घाईने पुन्हा कान टेकवला, एखादा शब्द सांडेल म्हणून.

आणि आवाज बोलत राहिला. वर्षभराचं साचलेलं धरण फुटावं तसा. शेजारणीची सून माहेरी गेली ती परत आलीच नाही, तुम्हाला पत्ता तरी आहे का? ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्ही घोरत होतात, आणि मी अंधारात जागी राहून आठवतील तेवढ्या स्टेशनांची नावं एकामागून एक हळूच म्हणत होते, शेवटचीच म्हणून. आज तुम्ही पावाचा वास सांगितलात, तो मला खरंच आला. मासा मात्र खारट होता हो. तुम्ही इतक्या हौसेने मागवलात, म्हणून मी छान म्हटलं.

मिस्त्री हसत होते, आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"मला भीती वाटते हो," आवाज म्हणाला, आता हळू. "पुन्हा गाठ निघाली तर? रात्री श्वास अडकतो तेव्हा तुम्हाला हाक मारता येत नाही. मी हात लांब करते. तुम्ही कूस बदलता. मग मी तशीच पडून राहते..."

"मला सांगायचंस ना," मिस्त्री म्हणाले.

"कशी सांगू?"

मिस्त्रींनी कपाळ भिंतीला टेकवलं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर हात पडला.

त्यांनी मागे पाहिलं. मैना त्यांच्या शेजारी उभी होती. ओठ मिटलेले. चढ चढल्यासारखा श्वास चाललेला, रुमाल हलत होता. ती ओठांनीच म्हणाली, "चला. माझ्याने होत नाही."

मिस्त्रींच्या भिंतीकडच्या कानात आवाज चालूच होता. "... आणि मग पहाट होते, तुम्ही चहा ठेवता, कपाचा आवाज येतो, आणि मला वाटतं, चला, आजचा दिवस मिळाला..."

मिस्त्रींनी पोकळीपलीकडे पाहिलं. समोरचं टोक रिकामं होतं. भिंत, बाक, खिडकी. सबंध सज्ज्यात त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

त्यांचा चेहरा पाहून मैना घाबरली. त्यांनी तिला हळूच जवळ ओढलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिने वाकून कान लावला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

मिस्त्रींनी तिचा चेहरा बदलताना पाहिला. आधी भुवया आक्रसल्या. मग तोंड उघडलं. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला, हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर दिसावी आणि आपण चाचपून बघावं, तसा. पण ती मागे सरली नाही. डोळे मिटून ती ऐकत राहिली.

अचानक आवाज थांबला. नादसुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"अहो..." आवाज म्हणाला. "तुमच्याजवळ कोण उभं आहे?"

आवाजात राग नव्हता. दार उघडल्यावर घरात अनोळखी चपला दिसाव्यात, तसं काहीतरी होतं त्यात.

मिस्त्रींनी पुढे मनाशी अनेकदा कबूल केलं की त्या क्षणी त्यांना खोटं बोलायचा मोह झाला. कुणी नाही, म्हणावं. मैनेला म्हणावं, तू खाली जाऊन बस, मी आलोच. आणि मग ऐकत राहावं. घंटा होईपर्यंत, घंटेनंतरही, दारं बंद झाली तरी. आवाजाची तहान काय असते ते ज्याच्या घरातून आवाज गेला त्यालाच ठाऊक. मैना त्यांच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. हात तिने त्यांच्या खांद्यावरून काढून घेतला होता.

मिस्त्रींनी तो हात पकडला आणि पुन्हा खांद्यावर ठेवला.

"मैना आहे," ते भिंतीला म्हणाले. "माझी बायको."

त्यांनी कान भिंतीला आणखी घट्ट लावला.

मग आवाज म्हणाला, अगदी लहान होऊन, "मग... मी कोण हो?"

खालून राखणदारणीची घंटा वाजू लागली आणि तिचा नाद घुमटभर फिरला. तेव्हा मैनेने एक गोष्ट केली. तिने उघडा तळवा भिंतीवर ठेवला, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि तोंड भिंतीजवळ नेऊन ती ओठांनी बोलू लागली. पुष्कळ वेळ बोलली. तिचा चेहरा भिंतीकडे होता, मिस्त्रींना एक अक्षर वाचता आलं नाही. ते नुसते कान लावून होते.

तिचं बोलणं संपलं. भिंतीतून एक सुस्कारा आला.

"बरं," आवाज म्हणाला. "येते."

आणि मग फक्त हवा राहिली, चुना राहिला.

मिस्त्री भिंतीचा आधार घेत जिना उतरले. राखणदारीण विणकाम गुंडाळत म्हणाली, "झाल्या का गप्पा?" आणि त्यांनी मान डोलावली. बाहेर दिवस अजून होता. चौकात मुलं पळत होती, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. दोघं कारंज्याच्या कट्ट्यावर बसली. मिस्त्रींनी विचारलं, "मासा खारट होता?"

मैनेने चमकून वर पाहिलं. मग शरमून मान हलवली. होता.

"रात्री श्वास अडकतो? मला उठवायला हात लांब करतेस?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. वर्षभरात ती त्यांच्यासमोर रडली ती तेव्हाच. मिस्त्री तिला थोपटत राहिले. आवाज होता तेव्हा जे घरात सांडून वाहायचं, ते सगळं तसंच्या तसं तिच्या आत होतं, एक थेंब उणा झाला नव्हता. आपण समजत होतो आटलंय. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त नवल वाटलं. "काय सांगितलंस गं तिला?" त्यांनी विचारलं. मैनेने डोळे पुसले, आणि नंतर सांगेन अशी खूण केली.

ते नंतर कधी आलं नाही.

त्या दिवसापासून घर बदललं हे मात्र खरं. मिस्त्री तिचा हात मनगटाशी धरून झोपू लागले. ओठ वाचायला बसायचे ते दिवेलागणीपासून जेवणापर्यंत बसायचे, कळलं नाही तर पुन्हा विचारायचे, आणि मैनाही लांबलचक गोष्टी सांगू लागली. शेजारणीची सून खरोखरच परतली नव्हती. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. हिवाळा सरला.

मग एका रविवारी दुपारी मिस्त्री खाटेवर पेपर वाचता वाचता डुलकी घेत होते. जाग आली तेव्हा घर फार शांत होतं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून मैना दिसत होती. ओट्याशेजारच्या भिंतीला तिने कान लावला होता. डोळे मिटलेले, आणि गोड गोष्ट ऐकणाऱ्या माणसाचं असतं तसं हसू तोंडावर.

ती भिंत पुढे बाहेरच्या खोलीतही येत होती, मिस्त्रींच्या उशाला. इमारतीची बाहेरची भिंत. घर चौथ्या मजल्यावर, त्या भिंतीपलीकडे खोली नाही, गॅलरी नाही, उघडी हवा आणि खाली अंगण. मिस्त्रींनी श्वास रोखला, कुशीवर वळले आणि कान टेकवला.

आत कुणीतरी बोलत होतं. मैनेचा आवाज, भरभरून, दम न खाता. पूल, फुलबाजार, चढण. आणि मधूनमधून तिला हुंकार देत, हसत, तिची थट्टा करत एक पुरुष बोलत होता. तो आवाज ओळखायला मिस्त्रींना वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकत नाही.

"अगं, थांब जरा," पलीकडचे मिस्त्री म्हणाले. "तिकडे कुणीतरी कान लावलाय."

बोलणं थांबलं.

मिस्त्रींनी दारातून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या मैनेने डोळे उघडले होते. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिने हळूच ओठांवर बोट ठेवलं.

भिंतीच्या आतून पावलं वाजली. जवळ आली. अगदी जवळ येऊन थांबली. मिस्त्रींनी कान काढला नाही, त्यांना काढवला नाही. चुना गार होता. आणि मग त्यांच्या कानाखालचा भिंतीचा तेवढाच, तळहाताएवढा भाग हळूहळू कोमट होऊ लागला, पलीकडूनही कुणी कान टेकवावा तसा.